रेतीवरचा केक

बाई, आज तुमचा डबा घासून फळीवर पालथा घातला.

दिवाळीपासून हा डबा माझ्या हाताला लागलेला. सकाळी मऊ भात, मुगाचं वरण आणि एखादी भाजी भरायची, हिंगणा रोडवर बस धरायची, धंतोलीत उतरायचं आणि दवाखान्यात तुमच्या खाटेशी येऊन बसायचं. तुम्ही दोन घास खायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. "सुमन, मीठ टाकाले विसरली काय वं?" मी रोज सांगायची की डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे. तुम्ही रोज म्हणायच्या, "डॉक्टरचं काय जाते? त्याले थोडीच खा लागते." आता तो वादच मिटला. गावी मौद्याला तुमची तेरवी झाली, मी परत आली, तरी सकाळी उठलं की हात आपोआप डब्याकडे जातो. म्हणून आज तो पालथाच घातला.

लोक म्हणतात, सुमनबाई, रडून मोकळ्या व्हा. रडायलाही अंगात जीव लागतो हो. माझे पाय नुसते भरून आले आहेत. आल्यापासून मी बसून आहे, आणि बसल्या बसल्या तुमच्याशी भांडते. तुम्ही होत्या तेव्हा भांडायची सोय नव्हती. तुम्ही मोठ्या जाऊबाई, त्यात तुमच्या पोटचं एक लेकरू माझ्या घरात. भांडणार कशी? आता तुम्ही मधेच "चहा ठेव वं" म्हणून उठून जाऊ शकत नाही, तर ऐका.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. तुमच्याकडे एकीमागे एक चार मुली आणि मग मुलगा. त्या दिवाळीला आपण सगळे मौद्याला जमलो होतो. फराळाची ताटं पुढ्यात असताना सासूबाईंनी सांगून टाकलं, "एक पोट्टी सुमनच्या ओटीत घाला. तिचं बी घर भरन अन् तुमचा बी भार हलका होईन." दोन्ही भाऊ माना हलवून मोकळे झाले. तुम्ही चकल्या वाढत होत्या, त्या वाढतच राहिल्या. तुम्हाला कोणी विचारलं नाही. मलाही नाही विचारलं. एवढंच ठरलं की पावसाळ्यापर्यंत पाहायचं, चौघींतली रंजू माझ्याकडे रमली तर राहील, नाही रमली तर तुम्ही परत घेऊन जाल. अहो, साडीचा दुकानदारसुद्धा एकदा घडी मोडली की परत घेत नाही. इथे तर लेकरू पाहायला दिलं होतं.

अशी रंजू आली. जेमतेम शाळेच्या वयाची, तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, हातात कपड्यांची पिशवी. मला काकू म्हणायची. आणि त्रास म्हणून काही नाही! तेच तर माझं दुखणं होतं. वाढलं ते खायची, झोप म्हटलं की झोपायची, फ्रॉक उसवला तर लपवून ठेवायची. शेजारच्या ग्रेसबाई म्हणायच्या, "किती गुणाची पोर आहे हो तुमची." मला मात्र धास्ती वाटायची. पाहुणं आलेलं लेकरूच असं वागतं. आपल्या घरी लेकरू पाय आपटतं, ताट ढकलतं, जमिनीवर गडबडा लोळतं. माझ्या घरी रंजू कधी लोळली नाही.

शाळा उघडायच्या आधी हे तिचं नाव घालायला गेले. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. ह्यांना कारखान्याच्या पाळीची वेळ सोडली तर दुसरी कोणती तारीख-वेळ ठाऊक असणार? डोकं खाजवत उभे राहिले. गुरुजींनी जून महिन्यातली एक तारीख लिहून टाकली. वर्गातल्या निम्म्या पोरांना त्यांनी तीच दिली होती, जशी काही सगळी एकाच गाडीनं नागपूरला उतरली.

आणि त्याच आठवड्यात ग्रेसबाईंच्या मुलीचा वाढदिवस झाला. त्यांनी घरीच केक केला होता. रंजू जाऊन आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मले बी असा केक पायजे." मी म्हटलं, सांगते हो ग्रेसबाईंना, देतील करून. तर तिनं पाय आपटला. "नाही! तूच कर!"

बाई, तिनं पाय आपटला हो! दुसरी कोणी असती तर धपाटा घातला असता. मी पोळ्या सोडून बसली आणि तिच्या पायाकडेच पाहत राहिली. म्हटलं, कर वं बाई हट्ट, अजून कर. हे कारखान्यातून आले तसं त्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शाळेत तारीख लिहिली आहे ना, धर तीच. दादा-वहिनीले बी बोलावून घेऊ." मग माझ्या लक्षात आलं. पाऊस सुरू व्हायचाच होता. म्हणजे तुम्ही येणार ते केक खायला नाही, निकाल सांगायला.

मी जन्मात केक केला नव्हता. बोटांवर मोजावा इतक्या वेळा खाल्ला होता. ग्रेसबाईंनी कपडे वाळत घालता घालता भिंतीपलीकडून कृती सांगितली. मैदा, साखर, लोणी, अंडी, सोडा. घमेल्यात रेती घालून ती खूप तापवायची, त्यावर डबा ठेवायचा, वरून ताट झाकायचं. मागे कोणाचं तरी घर बांधणं चालू होतं, तिथून रेती आणली, चाळली, धुतली, अंगणात वाळवली. ह्यांनी विचारलं, "केक करून राहिली का ओटा बांधून राहिली?" मी त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

आता माझी अक्कल ऐका. वड्यांचं असो, घारग्यांचं असो, पीठ भिजवून ठेवलं की चांगलं फुगतं, हे मला आईनं शिकवलेलं. म्हणून मी केकचंही सकाळी उठल्या उठल्या सोडा-बिडा घालून, घोटून, फडकं झाकून ठेवून दिलं. म्हटलं, दुपारपर्यंत मस्त फुगून येईल. सोड्याचा जीव केवढा, तो किती वेळ तग धरणार, हे कोणाला माहीत! दुपारी फडकं काढलं तर पीठ गुमान तळाशी बसलेलं. तरी मी ते डब्यात ओतलं आणि डबा रेतीवर चढवला.

तेवढ्यात तुम्ही आल्या. एकट्याच. भाऊजी शेतात अडकले होते. पायाला पोटरीपर्यंत चिखल, काखेत पिशवी. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचं काम अर्ध्यावर सोडून तुम्ही बस धरली होती. हातपाय धुवून आत आल्या, घमेल्याकडे पाहिलं.

"काय शिजवून राहिली वं? रेती?"

"केक आहे, बाई."

"रेतीत?"

"रेतीवर."

"बाप्पा! दात पडतीन ना खाणाऱ्याचे."

मी ताट उचललं. वरून ओलं पीठ, कडेला करपलेलं, आणि उंची धिरड्याएवढी. मी तिथेच मटकन बसली. रंजू ग्रेसबाईंकडे वेणी घालून घ्यायला गेली होती, कोणत्याही क्षणी आली असती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि पदर खोचला. "वरून बी आर पायजे ना वं. रोडगे भाजतो तवा काय नुसते खालून भाजतो?" तुम्ही शेगडीतले निखारे चिमट्यानं उचलून ताटावर रचले. मला वाटलं, आता जमतं. आपण दोघी घमेल्यापुढे उकिडव्या बसून राहिलो. मग करपल्याचा वास आला.

रोडगे वेगळे आणि केक वेगळा, बाई. वरचा थर पार काळा पडला होता. "माय वं!" तुम्ही म्हणाल्या. "हे तं तव्याचं बूड दिसते." आणि तुम्हाला हसू फुटलं, आणि मग मलाही. मी सुरीनं खरवडत होती, तुम्ही खिसणीनं घासत होत्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरामुळे म्हणा की कशामुळे. खरवडून खरवडून मधे खड्डा पडला. त्यात मी साय आणि साखर घोटून भरली, तुम्ही वरून खोबऱ्याचा कीस पसरला. लांबून पाहिलं तर बरा दिसत होता. लांबूनच.

मेणबत्तीवरून आपलं वाजलं ते आठवतं? घरात वीज गेल्यावर लावायची जाडजूड मेणबत्ती होती, तीच मी केकमधे खोचली. रंजू नवा फ्रॉक घालून ग्रेसबाईंबरोबर आली आणि गाल फुगवले, तशा तुम्ही तिचं तोंडच धरलं. "लेकराच्या दिवशी दिवा फुंकून विझवाचा? कोणाच्या घरची रीत वं हे?" मी म्हटलं, दिवा नाही बाई, मेणबत्ती आहे. तुम्ही म्हणाल्या, जळते ना, मग दिवाच. शेवटी तुम्ही तिला ओवाळलं आणि मेणबत्ती तशीच जळत राहिली, सायीवर मेण गळत राहिलं. पुढे दर जूनला मी हा वाद उकरून काढला. तुम्ही एकदाही हरल्या नाही. एकदाही रंजूला फुंकू दिलं नाही.

रंजूनं केक कापला. तुकडा हातात घेतला. आणि ग्रेसबाई, त्या बिचारीला काय माहीत, हसून म्हणाल्या, "रंजू, पहिला घास आईला दे हं."

तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेगडीजवळ उभी होती. मधे रंजू, हातात तो तुकडा, मनगटावरून साय ओघळते आहे. तिनं तुमच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत तुमच्याकडे. हे बाहेरच्या खोलीतून आत आले होते, तेही दारातच थांबले. मी मान खाली घातली. म्हटलं, जाईल आता तुमच्याकडे, जाऊ दे. नऊ महिने वाहिलं तुम्ही, चालायला शिकवलं तुम्ही. मी मनातल्या मनात रंजूचे फ्रॉक घड्या करून पिशवीत भरायला सुरुवातही केली होती.

"दे ना वं आईले," तुमचा आवाज आला.

मी वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

"पाहून काय राहिली? तिनं केला ना तुयासाठी एवढा. जा, दे आईले."

रंजू आली आणि तिनं तो घास माझ्या तोंडात कोंबला. मधे कच्चा, कडेला करपट, वरून मेणाचा वास. बाई, तसं गोड मी आजवर काही खाल्लं नाही. मग तिनं तुम्हाला दिला. तुम्ही सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "मंधात कच्चा आहे वं. पण गोड आहे."

संध्याकाळच्या बसनं तुम्ही गेल्या. "पऱ्हे टाकाचे आहेत, थांबता येत नाही," एवढंच बोलल्या. रंजूची पिशवी कोणी मागितली नाही, कोणी भरली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मला आई म्हणायला लागली आणि तुम्ही झाल्या मोठी आई.

आणि खरं सांगू? मला तुमचा रागच आला होता. मिळालं ते पदरात घेतलं, जीव ओवाळून टाकला त्या पोरीवर, पण राग आला. किती सहज बोट दाखवलं तुम्ही! मला वाटायचं, तुमच्या जागी मी असती तर मला जमलं नसतं. चार मुलींची आई, एक गेली तर हायसं वाटलं असेल, असंही मनात यायचं. हे तुम्हाला विचारायचं होतं. जन्मभर विचारायचं होतं.

वरून तुमची ती दरवर्षीची फेरी. ऐन हरभऱ्याच्या दिवसांत, शेतात काम तुंबलेलं असताना, तुम्ही कधीही उगवायच्या. कधी सोमवारी, कधी गुरुवारी, ना धड सण ना सुट्टी. काखेत ओल्या हरभऱ्याची जुडी. आल्या आल्या रंजूला पाटावर बसवायच्या, डोक्यावर तेल थापायच्या, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायच्या, घाटे सोलून हिरवे दाणे तिच्या तोंडात घालायच्या आणि दुपारच्या बसनं परत. मला ते टोचायचं. एकदा मी बोललीच, "मी काय तिला न्हाऊ घालत नाही, बाई?" तुम्ही तेलाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "घालते ना वं. माये हातच खाजवून राहिले होते."

आता रंजूला स्थळ आलं आहे. मुलगा बरा आहे, पण घर पत्रिका पाहणारं. शाळेची तारीख त्यांना कशी देणार? म्हणून धंतोलीला त्या दुपारी, तुम्ही जरा उठून बसल्या होत्या, रंजू औषध आणायला खाली गेली होती, तेव्हा मी विचारलं. "बाई, रंजू खरी कधी झाली? दिवस सांगा ना."

तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "तू केक केला होता ना, त्या दिवशी."

"बाई, मस्करी नका करू. पत्रिका करायची आहे."

"मस्करी कायची? तिचा वाढदिवस तोच. त्यायले सांग, पोट्टी सोन्यासारखी आहे, पत्रिका काहून पायजे?" आणि वर विचारलं, "मीठ टाकलं काय वं आज?"

मी चिडून डबा बंद केला. म्हातारपणी हट्टी झाल्या, असं बसमध्ये पुटपुटत आली. परत विचारीन म्हटलं. परत विचारायला तुम्ही राहिल्या नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर भाऊजी ओट्यावर एकटे बसले होते. मी त्यांना पाणी दिलं आणि तेच विचारलं. म्हणाले, "तिथी तिलेच पाठ होती. मले एवढं आठवते, हरभरा चांगला घाट्यावर आला होता. वावरातच पोटात दुखाले लागलं तिच्या. बैलगाडीत घालून घरी आणली." दरवर्षीची ती हरभऱ्याची जुडी माझ्या डोळ्यांपुढे आली. पण भाऊजींचं बोलणं संपलं नव्हतं. ते कधी एवढं बोलत नाहीत. "तुमच्याकडं केक खाले आली ना, त्या दिवशी सकाळीच मले म्हणे, आज पोट्टीले घेऊन येतो, माया जीव लागत नाही. खाटेवर तिची गोधडी झटकून, अंथरून गेली. रात्री एकटीच आली. गोधडी उचलली, घडी केली अन् पेटीत ठेवून देली. मी विचारलं, काय झालं? तं म्हणे, सुमननं तिच्यासाठी रेतीवर केक केला."

बाई, एवढंच म्हणाल्या तुम्ही.

म्हणजे तुम्ही तिला न्यायला आल्या होत्या. चिखलाच्या पायांनी, काम अर्ध्यावर टाकून, तिकडे गोधडी अंथरून. आणि माझा तो बसलेला, कच्चा, काळा केक पाहिला. मला मटकन बसलेली पाहिलं. आणि बोट दाखवलं. मी ते सहज समजली होती. आणि मग दरवर्षी, माझ्या तारखेला हात न लावता, आपला दिवस हरभऱ्याच्या जुडीत गुंडाळून आणत राहिल्या. मी दारात तोंड वाकडं करून उभी राहायची आणि तुम्ही म्हणायच्या, हात खाजवून राहिले. काहून नाही सांगितलं, बाई? एकदा तरी सांगायचं होतं. मी काय तिला लपवून ठेवली असती? तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं? हे भांडण माझं राहिलंच. आता कोणाशी भांडू?

आज डबा पालथा घातला आणि बाजारात गेली. पाय ओढत गेली. एका टोपलीत ओला हरभरा दिसला, एक जुडी घेतली. आज ती तिथी आहे की नाही, देव जाणे. उद्या असेल, परवा होऊन गेली असेल. सांगणारी गेली.

घरी येऊन रंजूला म्हटलं, पाटावर बस.

"आज काय आहे वं आई?"

"बस म्हटलं ना."

तिच्या डोक्यावर तेल घातलं. केस अगदी तुमचे, दाट आणि राठ. चोळता चोळता माझे हात दुखून आले. "हे तं मोठी आई करायची," ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. हरभऱ्याचं वावर, बैलगाडी, गोधडी, सगळं. ती पाटावर पाठमोरी बसून होती. मी पाणी घालत राहिली, ती चेहऱ्यावरून पाणी निपटत राहिली.

न्हाऊन आली आणि ओल्या केसांनीच जुडी पुढ्यात घेऊन घाटे सोलत बसली. मूठभर दाणे झाले, तसा सवयीनं तिचा हात माझ्या तोंडाशी आला.

"मले नको वं," मी म्हटलं. "पहिला घास आईले दे."

तिनं मूठ मिटली. मग उठली, फळीवरचा तुमचा डबा काढला, सुलटा केला आणि दाणे त्यात घातले.

"अन् वरून मीठ टाक," मी म्हटलं. "तिले अळणी चालत नाही."